बाटलेले कर्नल

लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, नेहमीसारखे अद्ययावतीकरण झाले, मी संगणक पुन्हा सुरू केला, आणि प्रवेशाचा ओळखीचा पडदा यायच्या जागी वरच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक बारीक पांढरी रेघ तेवढी उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका अनुवादाचा शेवटचा भाग पाठवायचा होता आणि तो त्याच यंत्रात होता. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की निव्वळ मजकुराचा पडदा उघडतो, एवढे ज्ञान सुदैवाने मला होते. तेथून लॉग, म्हणजे यंत्राच्या नोंदी, चाळत गेल्यावर तासाभराने कळले की ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कोड, नव्या कर्नलवर बांधलाच गेला नव्हता. संगणक सुरू होताना जुने कर्नल निवडले असते तर काम दोन मिनिटांत झाले असते, हे मला कळेपर्यंत पहाट झाली होती. ते कार्ड कोणत्या कंपनीचे होते हे येथे महत्त्वाचे नाही. त्या काळी दोन्ही मोठ्या उत्पादकांचे स्वतःचे बंद, म्हणजे आतला कोड बाहेरच्यांना न दाखवणारे, ड्रायव्हर होते आणि अशी रात्र दोन्हीकडच्या लोकांच्या वाट्याला येत असे.

त्या रात्रीनंतर मी आणखी दोन कार्डे घेतली. पहिल्या वेळी मी कार्डाचा वेग पाहिला होता, स्मृती पाहिली होती, पंखा किती आवाज करतो हेही पाहिले होते. नंतरच्या दोन्ही वेळी मी आधी एकच प्रश्न विचारला: हे कार्ड बिघडले, म्हणजे त्याच्यामागचा कोड बिघडला, तर दुरुस्ती कोणाच्या हातात आहे? या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर छापलेले नसते. ते शोधायला ‘ड्रायव्हर’ या एका शब्दाखाली नेमक्या किती गोष्टी दडलेल्या असतात हे आधी समजून घ्यावे लागते, आणि मला ते समजायला बराच काळ लागला.

ड्रायव्हर म्हणजे एकच एक वस्तू, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात लिनक्सवर तो निदान तीन ठिकाणी विभागलेला असतो. पहिला भाग कर्नलमध्ये राहतो. कार्डाची स्मृती कोणत्या प्रोग्रामला किती द्यायची, कामे कोणत्या क्रमाने रांगेत लावायची, मॉनिटर कोणत्या ठेवणीत आणि सेकंदाला किती वेळा रंगवायचा, हे तो पाहतो. कर्नलमधल्या या विभागाला डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर म्हणतात. दुसरा भाग कर्नलच्या बाहेर असतो. खेळ, ब्राउझर किंवा चित्रांचा प्रोग्राम ओपनजीएल अथवा व्हल्कनच्या भाषेत जे सांगतो, त्याचे त्या विशिष्ट चिपला कळणाऱ्या आज्ञांमध्ये भाषांतर करणे हे त्याचे काम. मुक्त जगात, म्हणजे जेथे कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो तेथे, हे काम मुख्यत्वे मेसा हा प्रकल्प करतो. तो ब्रायन पॉल यांनी १९९३ साली सुरू केला, आणि तेव्हा तो कार्डाशिवाय, केवळ मुख्य प्रोसेसरवर चित्रे रंगवीत असे. तिसरा भाग म्हणजे फर्मवेअर, कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरांवर चालणारा कोड. त्याच्याकडे मी पुढे वळणार आहे, कारण मुक्त प्रणालीच्या अभिमानाला सर्वांत अडचणीत आणणारा भाग तोच आहे.

माझा पडदा काळा झाला तो पहिल्या भागामुळे, आणि त्यामागचे कारण अपघाती नव्हते. लिनक्सचे कर्नल बाहेरच्या प्रोग्रामांना दिलेला शब्द अत्यंत कसोशीने पाळते. दहा वर्षांपूर्वी बांधलेला साधा प्रोग्राम आजच्या कर्नलवर चालला पाहिजे, यावर लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांचा कटाक्ष सर्वश्रुत आहे. मात्र कर्नलच्या आतल्या भागांनी एकमेकांशी कसे बोलायचे याविषयी असा कोणताही शब्द दिलेला नाही. आतली रचना कधीही बदलू शकते, आणि हे धोरण जाणूनबुजून घेतलेले आहे; कर्नलचे एक प्रमुख विकासक ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्याचे समर्थन करणारे एक टिपण लिहिले आहे आणि ते कर्नलच्या दस्तऐवजांतच ठेवलेले आहे. त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. ज्याला आतली रचना बदलायची आहे त्याने ती वापरणारा, कर्नलमध्ये असलेला सगळा कोड स्वतःच दुरुस्त करावा. परिणामी ज्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या घरात राहतो त्याची डागडुजी घरातलेच कोणी तरी करते, बहुधा त्या कार्डाशी काही देणेघेणे नसलेले. जो ड्रायव्हर बाहेर राहतो त्याला प्रत्येक नव्या कर्नलच्या वेळी पुन्हा बांधावे लागते, आणि आतले काही बदलले असेल तर मूळ कंपनीने दुरुस्ती करेपर्यंत थांबावे लागते. डीकेएमएस ही व्यवस्था हे पुनर्बांधणीचे काम आपोआप करते. बहुतेक वेळा करते, असे म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. त्यात सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड सुरुवातीलाच अडवणारी सोय, चालू असेल तर बांधलेल्या ड्रायव्हरवर सहीही करावी लागते, त्या सहीची किल्ली यंत्राला आधी ओळखून द्यावी लागते, आणि ती निळी पाटी पहिल्यांदा समोर येते तेव्हा संगणकात विषाणू शिरला की काय अशी शंका आल्यावाचून राहत नाही.

बाहेरचा बंद ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःवर एक खूण करून ठेवते. तिचे इंग्रजी नाव ‘टेंटेड’. मराठीत त्याचा सर्वांत जवळचा अर्थ ‘बाटलेले’ असा होईल, आणि हा शब्द आपल्याकडे किती जड आहे हे ठाऊक असूनही मला तो येथे चपखल वाटतो. या खुणेमुळे काही बंद पडत नाही. फक्त तुम्ही दोषाची तक्रार नोंदवायला गेलात की कर्नलचे विकासक आधी ती खूण पाहतात आणि नम्रपणे सांगतात, की ज्याचा कोड आम्हांला दिसत नाही त्याच्या शेजारी घडलेल्या बिघाडाचा शोध आम्ही घेऊ शकत नाही. त्यात तुसडेपणा काही नाही. बंद दाराआड काय झाले याची चौकशी करायला सांगितले तर कोणीही हेच म्हणेल.

आता कंपन्यांकडे वळते. या बाबतीत एएमडीचा इतिहास सर्वांत बोधक आहे, कारण ती कंपनी दोन्ही बाजूंना राहून आलेली आहे. २००६ साली तिने एटीआय ही ग्राफिक्सची कंपनी विकत घेतली, तेव्हा एटीआयच्या बंद लिनक्स ड्रायव्हरची ख्याती फारशी चांगली नव्हती. पुढच्याच वर्षी, २००७च्या सप्टेंबरात, कंपनीने चिपची तांत्रिक माहिती खुली करण्याचे आणि मुक्त ड्रायव्हरला मदत करण्याचे जाहीर केले. त्यानंतर कित्येक वर्षे दोन ड्रायव्हर शेजारी शेजारी नांदले, एक मुक्त आणि सावकाश, दुसरा बंद आणि वेगवान पण लहरी. २०१५ साली कर्नल ४.२मध्ये ‘एएमडीजीपीयू’ हा नवा ड्रायव्हर आला आणि निदान कर्नलपुरता पाया एकच झाला.

त्यानंतरचा प्रसंग मला फार आवडतो. मॉनिटर हाताळणारा मोठा कोड, सुमारे लाखभर ओळींचा, एएमडीने कर्नलमध्ये घेण्यासाठी पुढे केला. तो इतर प्रणालींवरही चालावा म्हणून कंपनीने त्यात स्वतःचा एक मधला थर ठेवला होता. ग्राफिक्स विभागाची देखरेख करणारे डेव्ह एअरली यांनी २०१६च्या डिसेंबरात तो स्पष्टपणे नाकारला. कोड मुक्त होता, परवाना योग्य होता, कंपनी मोठी होती, तरीही उत्तर नाही असेच आले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हा थर उद्या आम्हांला सांभाळायचा आहे, आणि जो कोड बाकीच्या घराच्या पद्धतीने लिहिलेला नाही तो घरातल्या कोणालाही दुरुस्त करता येत नाही. एएमडीच्या अभियंत्यांनी तो कोड पुन्हा घडवला आणि २०१८च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या कर्नल ४.१५मध्ये तो दाखल झाला. मधल्या काळात, २०१७च्या ऑगस्टमध्ये, कंपनीची व्हेगा कार्डे आली होती. ज्यांनी ती लगेच घेतली त्यांना मूळ कर्नलवर गणित करता येत होते, पण मॉनिटर जोडता येत नव्हता. मुक्त ड्रायव्हर असलेले नवे कोरे कार्ड, आणि पडदा काळाच. ‘मुक्त’ हा शब्द वाचून निर्धास्त होणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगते. तो नकार योग्यच होता असे मला वाटते. पण त्याची किंमत काही महिने कोणी तरी मोजली, हेही खरे आहे.

व्हल्कनची कथा तर याहून गमतीची. एएमडीने आपला व्हल्कन ड्रायव्हर खुला करण्याचे आश्वासन दिले होते, पण तो दिवस लांबत गेला. तेव्हा २०१६ साली डेव्ह एअरली आणि बास न्यूवेनहाउझेन या कंपनीबाहेरच्या दोघांनी मेसामध्ये आरएडीव्ही नावाचा स्वतंत्र ड्रायव्हर लिहायला घेतला. कंपनीचा अधिकृत ड्रायव्हर २०१७च्या डिसेंबरात उघडा झाला खरा, पण तोवर बाहेरच्यांच्या ड्रायव्हराने मूळ धरले होते. पुढे व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीने आपले विकासक त्यावर बसवले. त्यांनी लिहिलेला एसीओ हा संकलक (कंपायलर) २०२० साली मेसा २०.२मध्ये आरएडीव्हीचा प्रमाण संकलक झाला, आणि शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे रंगकामाचे छोटे प्रोग्राम, बांधताना खेळात बसणारे हिसके बरेच कमी झाले. अखेर २०२५ साली एएमडीने स्वतःचा मुक्त व्हल्कन ड्रायव्हर थांबवून बाहेरच्यांनी लिहिलेल्यालाच आपला म्हटले. कार्ड बनवणारी कंपनी एक, त्याचा उत्तम ड्रायव्हर लिहिणारे भलतेच, आणि त्याला पैसा पुरवणारी तिसरीच: दुरुस्ती अनेकांच्या हातांत असणे म्हणजे काय, याचे याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

एनव्हिडियाबद्दल लिहिताना मात्र हात जरा सावरूनच चालवावा लागतो, कारण तिला नावे ठेवणे ही मुक्त प्रणालीच्या वर्तुळात जवळजवळ शिष्टाचाराची बाब झाली आहे. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातल्या कार्यक्रमात टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे वळून मधले बोट दाखवले, ती चित्रफीत आजही फिरते. पण या कंपनीने लिनक्सकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. तिचा बंद ड्रायव्हर दोन दशकांहून अधिक काळ उपलब्ध आहे, त्याचा गाभा सर्व प्रणालींवर एकच असल्यामुळे वेगात तो सहसा उणा पडत नाही, आणि नवे कार्ड बाजारात आले की बहुधा त्याबरोबरच ड्रायव्हरही येतो. तक्रार वेगळी होती. आपल्या चिपविषयी ती काही सांगत नसे. नूव्हो या प्रकल्पातल्या लोकांनी कार्ड कसे वागते हे नुसते निरखून, चिपमधल्या एकेका रजिस्टरचा अर्थ लावत, ड्रायव्हर घडवला. तो २०१०च्या फेब्रुवारीत आलेल्या कर्नल २.६.३३मध्ये सामील झाला. २०१४ साली आलेल्या, मॅक्सवेल या कार्डांच्या मालिकेच्या दुसऱ्या पिढीपासून मात्र कार्ड फक्त कंपनीच्या सहीचेच फर्मवेअर स्वीकारू लागले, आणि चिपच्या घड्याळाचा, म्हणजे कामाच्या ठोक्यांचा, वेग वाढवण्याची सूत्रे त्या फर्मवेअरकडे होती. त्यामुळे नूव्होवर ही कार्डे सुरू होताना ज्या मंद गतीवर असत त्याच गतीवर राहत. गाडी आपली, रस्ता मोकळा, पण पहिल्या गिअरच्या पुढे जाण्याची परवानगी नाही.

२०२२च्या मे महिन्यात चित्र पालटू लागले. एनव्हिडियाने ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. बातमीचे मथळे वाचून मी हुरळून गेले होते; नंतर बारकाईने वाचले. जे उघडले ते कर्नलपुरते, आणि ते उघडणे शक्य झाले कारण पूर्वी त्यात असलेले पुष्कळ काम कार्डावरच्या जीएसपी नावाच्या प्रोसेसरकडे, म्हणजे पुन्हा बंद फर्मवेअरकडे, सोपवले गेले होते. ओपनजीएल, व्हल्कन आणि कुडा (कार्डाकडून गणिते करून घेण्याची एनव्हिडियाची व्यवस्था) यांचे कंपनीचे भाग बंदच राहिले. तरीही त्या पावलाचा खरा लाभ झाला. त्याच फर्मवेअरशी बोलून नूव्होलाही नव्या कार्डांचा पूर्ण वेग वापरता येऊ लागला, त्याच्या जोडीला मेसामध्ये एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर उभा राहिला आणि २०२४च्या मेसा २४.१मध्ये त्यावरची ‘प्रायोगिक’ ही पाटी उतरली. कर्नलच्या बाजूने नोव्हा हा रस्ट भाषेतला नवा ड्रायव्हर २०२५ साली कर्नल ६.१५पासून थोडा थोडा आत येऊ लागला आहे. आज या वाटेने जायचे तर धीर हवा. पण वाट आहे, आणि काही वर्षांपूर्वी ती नव्हती.

वेलँडविषयीही याच ओघात सांगायला हवे. खिडक्या पडद्यावर मांडण्याची १९८४ सालापासून चालत आलेली एक्सची पद्धत मागे पडून आता मोठी डेस्कटॉप वातावरणे वेलँडकडे वळली आहेत. एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हराने स्मृतीची देवाणघेवाण करण्याची इतरांपेक्षा निराळी रीत दीर्घकाळ धरून ठेवली होती. २०२१च्या अखेरीस ४९५ या आवृत्तीत तो सर्वांच्या रीतीला आला, आणि २०२४मध्ये ५५५ या आवृत्तीने चित्रांच्या क्रमाची ताळमेळ लावणारी स्पष्ट पद्धत स्वीकारल्यावर लखलखणाऱ्या, मागेपुढे उड्या मारणाऱ्या खिडक्यांच्या तक्रारी पुष्कळ ओसरल्या. म्हणून ‘वेलँड हवे तर एनव्हिडिया नको’ हा जुना सल्ला आता जसाच्या तसा पुढे देणे बरोबर नाही. मीही तो दिलेला आहे. आता देत नाही.

इंटेलविषयी थोडक्यातच लिहिते, कारण तेथे सांगण्यासारखे नाट्य कमी आहे, आणि ती स्तुतीच समजावी. तिचे ग्राफिक्स ड्रायव्हर दीर्घकाळ मुक्त आहेत. प्रोसेसरच्या पोटात असलेले तिचे ग्राफिक्स लिखाण, वाचन, चित्रफिती आणि दोन मॉनिटर एवढ्यासाठी पुरेसे ठरते, आणि ज्यांचे काम एवढेच आहे त्यांनी स्वतंत्र कार्ड घेऊच नये असे माझे प्रामाणिक मत आहे. आर्क ही तिची स्वतंत्र कार्डे २०२२ साली आली. ती घेताना मदरबोर्डवर रिसाइझेबल बार ही, कार्डाची सगळी स्मृती प्रोसेसरला एकदम हाताळू देणारी, सोय आहे ना, एवढे पाहावे, नाही तर त्यांचा वेग बराच घसरतो.

आता त्या अडचणीच्या भागाकडे. कर्नलमधला ड्रायव्हर मुक्त, मेसा मुक्त, आणि तरीही आजचे जवळपास प्रत्येक नवे कार्ड सुरू होताना लिनक्स-फर्मवेअर या संग्रहातून काही बंद फायली स्वतःच्या पोटात घेते. एएमडी घ्या, इंटेल घ्या, हे सुटत नाही. आणि या फायलींमुळे कर्नल बाटत नाही, ही खरी गंमत आहे. तोच कोड कार्डावर कायमचा कोरलेला असता तर आपण त्याला यंत्राचा भाग म्हटले असते. तो आपल्या डिस्कवरून जातो म्हणून प्रश्न पडतो. डेबियन या लिनक्सच्या वितरणाने, म्हणजे लिनक्सचा तयार संच पुरवणाऱ्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पाने, असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-प्रतिमेबाहेर ठेवले होते, आणि त्यामुळे नवख्या माणसाला कोऱ्या पडद्यासमोर बसावे लागत असे. २०२२ साली सदस्यांनी मतदान करून ते आत घ्यायचे ठरवले आणि २०२३च्या डेबियन १२पासून ते मिळू लागले. मला तो निर्णय पटला, पण पटताना थोडे खुपलेही. शुद्धतेची रेषा कोठे आखायची हे अखेर सोयीने ठरते, हे मान्य करणे जड जातेच.

मुक्ततेला बाहेरूनही कशी वेसण लागते याचे उदाहरण मॉनिटरच्या तारेत सापडते. एएमडीने आपल्या मुक्त ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१चा पाठिंबा लिहून तयार केला होता. त्या मानकाची मालकी ज्या मंचाकडे आहे त्याने तो मुक्त स्वरूपात प्रसिद्ध करण्यास नकार दिला, ही गोष्ट २०२४च्या फेब्रुवारीत बाहेर आली. कार्डाच्या अंगी क्षमता होती, कोड लिहिलेला होता, आणि परवान्यापायी तो वापरकर्त्यापर्यंत पोहोचू शकला नाही. एचडीएमआय २.०च्या मर्यादेत फोर-के चित्र पूर्ण रंगांत सेकंदाला ६० वेळा मिळते. त्याहून वेगवान मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टची तार वापरावी. कार्ड निवडताना मागच्या पट्टीवर डिस्प्लेपोर्ट किती आहेत हे मोजावे असे मी सांगते ते यासाठी. दूरचित्रवाणी संच जोडणाऱ्यांची पंचाईत होते, कारण बहुतेक संचांना डिस्प्लेपोर्ट नसतेच.

सर्वांत जास्त फसगत मात्र काळाच्या हिशेबात होते. नवे कार्ड चालायला नवे कर्नल, नवा मेसा आणि नवे फर्मवेअर असे तिन्ही लागतात, आणि स्थिर वितरणे नेमकी जुन्या आवृत्त्या धरून बसतात. तोच त्यांचा गुण असतो. डेबियन १२मध्ये कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ होते. २०२५च्या मार्चमध्ये आलेले एएमडीच्या आरडीएनए ४ पिढीचे कार्ड त्यात बसवले तर पडदा उजळतो, पण चित्रे रंगवण्याचे सगळे काम मुख्य प्रोसेसरवर येऊन पडते. खिडकी ओढली की मागे रेंगाळते, पंखा कारण नसताना घोंघावतो. अशा वेळी जीएलएक्सइन्फो ही आज्ञा द्यावी. उत्तरात ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव दिसले तर कार्ड नुसतेच बसून आहे असे समजावे. त्याच कार्डाला डेबियन १३मधले कर्नल ६.१२ आणि मेसा २५ पुरतात. यावरून मी स्वतःपुरता एक ठोकताळा केला आहे: आपले वितरण ज्या दिवशी गोठवले गेले त्याच्या निदान सहा महिने आधी बाजारात आलेले कार्ड घ्यावे. वेगाच्या तक्त्यांत ते एक पायरी खाली असते, पण ते पहिल्या दिवशी चालते.

उलट्या टोकाला, कार्ड जुने झाल्यावर काय होते हेही घेण्यापूर्वीच पाहावे. एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हराची ५८० ही शाखा मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांना सांभाळणारी शेवटची. २०१६ साली घेतलेले जीटीएक्स १०८० अजून धडधाकट असेल, परंतु नव्या शाखांमध्ये त्याला जागा नाही, आणि पहिल्या गिअरची अडचण असल्यामुळे नूव्होकडे जाऊन फारसे हाती लागत नाही. याउलट एएमडीची २०१२च्या सुमाराची जीसीएन पिढीची कार्डे जुन्या ‘रेडिऑन’ ड्रायव्हरवर होती. ती ‘एएमडीजीपीयू’वर आपोआप यावीत यासाठी लागणारे काम व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या एका विकासकाने पुढे नेले आणि कर्नल ६.१९मध्ये तो बदल झाला. कार्ड विकून कंपनीचे पैसे केव्हाच वसूल झाले होते. कोड उघडा होता म्हणून दुसऱ्या कोणाला तरी हात घालता आला. अर्थात मुक्त ड्रायव्हरही अमर नसतो. मेसा २२.०मधून त्याच्याही आधीच्या काळातले काही ड्रायव्हर काढून अंबर या वेगळ्या शाखेत ठेवले गेले. तेथेही निवृत्ती आहे, फक्त ती उशिरा येते आणि दप्तर जाळले जात नाही.

ज्यांच्या कामाला कुडा लागते त्यांच्याशी मी वाद घालत नाही. यंत्रशिक्षणाचे पुष्कळ साहित्य २००७पासून रुळलेल्या त्या पायावर उभे आहे. त्याला पर्याय असलेले एएमडीचे आरओसीएम मुक्त आहे, सुधारतेही आहे, पण आपले कार्ड त्याच्या अधिकृत यादीत आहे की नाही हे आधी तपासावे लागते. त्रिमितीय चित्रांसाठी ब्लेंडर वापरणाऱ्यांचेही तसेच: त्याच्या ३.० आवृत्तीत सायकल्स या रंगवणाऱ्या भागातून ओपनसीएल ही सर्व कंपन्यांच्या कार्डांसाठीची सामाईक पद्धत गेली, आणि आता प्रत्येक कंपनीच्या कार्डासाठी वेगळी वाट आहे. ज्याचे पोट त्या प्रोग्रामावर आहे त्याने तो प्रोग्राम ज्यावर उत्तम चालतो ते कार्ड घ्यावे, कर्नल खुशाल बाटू द्यावे, आणि जुने कर्नल निवडायची युक्ती कागदावर लिहून यंत्राला चिकटवून ठेवावी.

माझी गरज लहान होती. दोन मोठे मॉनिटर, दिवसभर मजकूर, आणि कधीमधी व्याख्यानांच्या चित्रफितींची कापाकापी. त्या चित्रफितींनी मला आणखी एक धडा दिला. चित्रफिती दाबून साठवण्याच्या एच.२६४ आणि एचईव्हीसी या पद्धती उलगडण्याची सोय कार्डात असली तरी पेटंटच्या भीतीने काही वितरणे ती मेसामधून वगळतात. फेडोराने २०२२ साली तसे केले आणि तो भाग आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून घ्यावा लागतो. मी तो न घेताच आठवडाभर ‘कार्ड गरम का होत नाही, प्रोसेसरच का तापतो’ या कोड्यात गुंतले होते. अखेर व्हीएइन्फो या आज्ञेने दाखवलेल्या यादीत या पद्धतींची नावेच नाहीत हे दिसल्यावर प्रकाश पडला.

घेतले ते एएमडीचे, एक पिढी मागचे, मधल्या ताकदीचे कार्ड. त्याला डिस्प्लेपोर्ट तीन आहेत. विजेचा हिशेब पाहून घेतला: मदरबोर्डची खाच ७५ वॉट देते, आठ टाचण्यांची एक जोडणी १५० देते, आणि माझ्या जुन्या वीजपेटीला एवढे झेपणारे होते. बसवल्यानंतर ड्रायव्हर म्हणून मी काहीच चढवले नाही, आणि काही तरी विसरले आहे अशी रुखरुख दोन दिवस लागून राहिली. मग ‘बाटलेपणा’ची नोंद ठेवणारी कर्नलची फाइल उघडून पाहिली. तिच्यात एकच आकडा होता, शून्य. सुरुवातीच्या लॉगमध्ये कार्डाने पोटात घेतलेल्या बंद फर्मवेअरची नावे त्याच वेळी एकाखाली एक दिसत होती, त्यामुळे त्या शून्याचा फार गर्व करावा असेही नव्हते.

हा लेख लिहिताना तारखा पडताळायच्या म्हणून अद्ययावतीकरणाची नोंद चाळली. गेल्या महिन्यात माझे कर्नल तीन वेळा बदलले होते, मेसा दोन वेळा. मला ते त्या नोंदीवरूनच कळले.